उलट्या लवेचा पट्टा

सपाटभाऊंचं खरं नाव काय, हे विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. लोकांच्या घरामागच्या उतारावर खेळायची कोर्टं करून द्यायची, वर खोटी हिरवळ अंथरायची, हा त्यांचा धंदा, म्हणून सपाट. "जगाचे उतार सरळ केलेत, आपल्या दारातली पायरी तेवढी अजून डुगडुगतेय," असं बायको ऐकवायची. भाऊ "बघतो गं" म्हणायचे आणि तीच पायरी चुकवून बाहेर पडायचे.

घरामागच्या असल्या जागा म्हणजे डोक्याला ताप. जागा हातरुमालाएवढी आणि उतार असा की ठेवलेली बादलीसुद्धा पळ काढायला बघते. वरची माती खणून खाली ओढायची, खालच्या अंगाला दगडाची आधारभिंत घालायची, आत खडी, खडीवर दगडाचा बारीक कच आणि मग ठोकणी. ठोकणीच्या मशीनला भाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ रेडा म्हणत. सपाटीवर रेडा गुमान चालतो. उतारावर मात्र खाली ओढ घेतो. मुठी आवळून त्याला धरून ठेवावं लागतं आणि त्याची थरथर मनगटातून पार दातांपर्यंत चढते. धाकट्याला भाऊंनी त्याला कधी शिवू दिलं नाही.

"तू दगड उचल, गाडी चालव. रेडा माझा."

दादाला मोठेपणा हवाय, असं धाकट्याला वाटे.

मोठेपणा खरा होता तो हिरवळीच्या रोलांत. खोट्या गवतालाही लव असते, एका अंगाला निजलेली. शेजारशेजारचे सगळे पट्टे एकाच दिशेला निजले पाहिजेत. एखादा उलटा पडला तर जवळून पत्ता लागत नाही, पण वरून बघितलं की तेवढाच पट्टा काळवंडलेला दिसतो. भाऊ तळहात फिरवायचे आणि "हं, अशी" म्हणायचे. ते "हं, अशी" म्हणजेच सपाटभाऊ. बाकी खणणं-ठोकणं कोणीही केलं असतं.

तो हातच दगा देत होता. थंडीत बोटं पांढरी पडू लागली, मग मुंग्या आल्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, थरथरणारं मशीन सोडा, गेलेलं परत येईलच असं नाही. बायको सकाळी शर्टाची बटणं लावून द्यायला लागली. चहाचा कप आधी स्वतः धरून बघायची आणि म्हणायची, "थांबा, पोळेल." धाकट्याला मात्र यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. त्याला कळलं की रोल त्याच्या हातात जाणार, आणि मग दादा नुसता हाक मारण्यापुरता दादा.

म्हणून भाऊंनी गाल कामाला लावला होता. गुडघ्यांवर बसायचं, उंची बघतोय असं दाखवून वाकायचं आणि गाल गवतावर टेकवून हळूच सरकवायचा. गाल अजून खोटं बोलत नव्हता.

सध्या काम चाललं होतं त्या घराच्या वरच्या खिडकीत मालकिणीची सासू बसलेली असायची. गुडघ्यांनी तिला जागेवर खिळवलेलं, त्यामुळे खालचं काम हीच तिची करमणूक.

"अहो, भिंत जरा वाकडी वाटते का?"

"भिंत सरळ आहे, आजी. तुमची खुर्ची बघा."

आजी खूश. असं दिवसभर चालायचं.

शेवटचा पट्टा राहिला होता. घराशेजारच्या बोळातून रोल सरळ येईना, म्हणून धाकट्याने तो उभा करून, फिरवून कसाबसा आत घेतला. त्यात त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, ते लक्षात राहिलं नाही. ऊन तापलेलं, दोन पट्ट्यांच्या सांध्यावरचा चिकटा भराभर सुकत होता. भाऊ वाकले, गाल टेकणार तोच वरून आवाज आला.

"अगबाई! निजला की काय हा? अहो, घरी अंथरूण नाही वाटतं?"

धाकटा खो-खो हसला. भाऊही हसले, आणि उठले. गाल परत खाली नेण्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी सवयीने तळहात फिरवला. तळहाताने काहीही सांगितलं नाही.

"हं, अशी," भाऊ म्हणाले.

उन्हं तिरपी झाली तशी आजी पुन्हा बोलली. "तो कडेचा पट्टा रुसलाय का हो? बाकीच्यांकडे पाठ करून बसल्यागत दिसतोय."

धाकटा धावत वर गेला. खिडकीतून त्याने बराच वेळ खाली पाहिलं. खाली आला तेव्हा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हिरवळीचा एक उरलेला तुकडा उचलला.

"दादा, डोळे मिट. लव कुठल्या अंगाला आहे, सांग."

"काय पोरखेळ लावलायस?"

"सांग ना."

भाऊंनी डोळे मिटले. हात फिरवला, पुन्हा फिरवला. धाकट्याने गुपचूप तुकडा उपडा केला, लव खाली आणि पाठीचं रबर वर. भाऊ हात फिरवतच राहिले.

"तुझ्याकडे," शेवटी ते म्हणाले.

धाकट्याने तुकडा बाजूला ठेवला. रेड्याच्या मुठीकडे बघितलं, मग दादाच्या बोटांकडे.

"म्हणून मला शिवू देत नव्हतास होय त्याला?"

भाऊ रेड्याच्या मुठीवरची धूळ झटकू लागले.

"विकून टाकू तो," धाकटा म्हणाला.

"विकून दुसरा येईल, तोही थरथरेलच. रोल उद्यापासून तू बघ. रेडा माझाच. त्याला माझ्याकडून न्यायचं होतं ते त्याने नेलंय; तुझ्याकडून अजून बरंच न्यायचं बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी पट्टा उचकटून काढला. खिडकीत आजी होती. धाकटा गुडघ्यांवर बसला, नवा पट्टा उलगडला, त्यावर तळहात फिरवला. त्याला कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्याने मान वर करून विचारलं,

"दादा, अशीच ना?"

भाऊ वाकले. हात गवतावर ठेवला, इकडून तिकडे नेला.

"हं, अशी," ते म्हणाले, आणि गवतात भरायच्या वाळूची पाटी आणायला बोळाकडे गेले.