रिटायरमेंटपर्यंतची पॉलिसी

"मॅडम, आता हे हप्त्याचं झंझट बंद करा," भोयर काका खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राहिलो. मले गावाले जाचं हाये."

भिलाईच्या नेहरू नगरमधल्या माझ्या विम्याच्या ऑफिसात काका, काकू आणि मुलगी पल्लवी असे तिघं आले होते. काका स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. त्यांची टर्म पॉलिसी होती. म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पैसे, जगला तर काही नाही. ती मुदत रिटायरमेंटलाच संपत होती. भिलाईत सगळे हेच करतात. क्वार्टर सुटणार, गेटपास जमा होणार, मग पॉलिसीही तिथपर्यंतच. पुढे जगायचंच नाही जणू!

पल्लवी उशिरा झालेली. नुकतीच नर्सिंग कॉलेजला लागली होती. आणि काकांची बायपास झालेली.

"काका, नवी पॉलिसी तुम्हाला आता कोणी देणार नाही. पण या जुन्या पॉलिसीत रिन्यूअल ऑप्शन आहे."

"म्हंजे?"

"मुदत संपायच्या आत कळवलं तर हीच पुढे चालते. मेडिकल नाही, बायपासचं कोणी विचारत नाही. हप्ता मात्र आताच्या वयाचा, चांगलाच वाढलेला. तारीख उलटली की संपलं. सगळ्या पॉलिसींत ही सोय नसते, तुमच्या पॉलिसीत आहे."

"कावून भरू? हप्तेच भरत बसलो त गावात घर कधी बांधू? भाऊ वाट पाहून राहिला. सकाळी बांधावर जाऊन बसलं का मानसाले काही होत नाई, मॅडम."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं गाव भंडाऱ्याकडचं, माझं माहेरही तिकडचंच. जन्म भिलाईत गेला, तरी गावाचं नाव काढलं की आम्हाला ओढ लागतेच. पण मी तिथं विमा विकायला बसले होते.

"तुम्ही बसाल बांधावर. तुम्हाला काही झालं तर हिच्या कॉलेजचं काय?"

पल्लवी खाली मान घालून म्हणाली, "पापा, घर नंतर बांधा ना. मेरी पढ़ाई तक रुक जाओ."

काका चिडले. "माह्या मरनाचाच हिसोब करून राहिल्या का तुमी सगळ्या?"

"हो," मी म्हणाले. "कामच आहे माझं ते."

काकू म्हणाल्या, "करा सही. गाव कोठी पळून नाई चाललं."

त्यांनी सही केली. पाच वर्षं मुदत वाढली, घर लांबलं. क्वार्टर सोडून ते भिलाईजवळच्या उतईला भाड्याच्या खोल्यांत राहायला गेले. भेटले की म्हणायचे, "बस, पोरगी नोकरीले लागली का निंगालोच."

पल्लवी शेवटच्या वर्षाला असताना काका गेले.

क्लेम पास झाला. पल्लवी शिकली, नोकरीला लागली. काकूंनी गावात घर बांधलं आणि तिथूनच मला फोन केला. "मॅडम, तुमी बराबर होत्या. पन ज्यायले याचं होतं, तेच नाई न इथं."

मी विमा एजंट आहे, मृत्यूचे कागद रोज हाताळते. त्या दिवशी मात्र फोन ठेवून ढसाढसा रडले.

आता मुदत ठरवताना मी रिटायरमेंटची तारीख विचारत नाही. धाकटं लेकरू आपल्या पायावर कधी उभं राहील, ते विचारते. रिन्यूअलची अट पहिल्याच दिवशी वाचून दाखवते. गावाला कधी जाणार, हे विचारायचं मात्र माझ्याच्यानं होत नाही.