रिळाला मारलेली पाचर

लेकीनं मला मासे धरायची काठी धाडली, त्याला आता दोन वर्षं होतील. लेक शिरूरला दिली आहे. सासरी मळ्यात भाजीपाला आणि शेवंती. मी दौंडला राहतो, घरापासून भीमा चालत जाण्याइतकी. रेल्वेत कीमन होतो. हातोडा घेऊन रोज रुळानं चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या दिसल्या की ठोकून घट्ट करायच्या, हेच काम. आता तिथं क्लिपा आल्या, पण आमच्या वेळी चाव्याच. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण माझ्या बीटात, म्हणजे माझ्या वाट्याच्या रुळात, ढिली चावी सापडली असं कुणी मला तोंडावर सांगावं.

रिटायर झाल्यावर मी बांबूच्या काठीनं गळ टाकत बसायचो. लेकीनं ते पाहिलं आणि मोबाईलवर काठी मागवली. काठी एका दुकानातनं, तिची दोरी गुंडाळायचं रीळ दुसऱ्यातनं. काठी निघाली परदेशी पद्धतीची. गांडूळ लावायचंच नाही; गळाला पिसं बांधून केलेली खोटी माशी, आणि जाड पिवळी दोरी हवेत झुलवून ती पाण्यावर अलगद टाकायची. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोटोत छान दिसली, मागवली.

दोन्ही खोकी आली त्याच दिवशी तिचा फोन.

"आबा, आवडली का?"

"झकास हाय."

"रविवारी येतो आम्ही. आमचे हे मला चार दिवस झालं चिडवत्यात. म्हणं, सासऱ्याला बांबू बरा, तुला काय कळतं त्यातलं. त्यांना एकदा टाकून दावा, म्हंजी गप बसतील."

"ये तर खरं," म्हणालो आणि फोन ठेवून काठी जोडायला बसलो.

मुठीच्या मागं रिळाचा पाय अडकवायला जागा होती. पायाचं पुढचं टोक एका खोबणीत सरकवायचं आणि मागचं टोक आट्यांवर फिरणाऱ्या कड्यानं आवळायचं. मी कडं शेवटपर्यंत फिरवलं. काठी कानाशी हलवली तर आत खडखड. रिळाचा पाय पातळ, खोबण मोठी. दोन दुकानांचा माल, एकमेकाला बसायचा कसा?

लेकीला सांगितलं असतं तर तिनं दोन्ही परत धाडलं असतं, आणि जावयाला वर्षभर पुरेल एवढं हसायला मिळालं असतं. मला ते नको होतं. रविवारला चार दिवस होते.

पहिल्यांदा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. रबर ते, दाबलं की दबायचं. रीळ डुगडुगायला लागलं. मग सुतळी आवळली. ती सैल पडली. आमची मंडळी शेंगा फोडत सगळं बघत होती.

"लेकीला सांगा की सरळ. त्यात काय लाज?"

"तू गप. उभा जन्म घट्ट करण्यात गेला माझा."

"मग करा की."

शुक्रवारी वाळलेल्या बाभळीची चपटी पाचर तासली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. पुढच्या खोबणीत, रिळाच्या पायावर, ती काठीच्या शेंड्याच्या बाजूनं आत ठोकली. खडखड बंद. मी मिशीवर हात फिरवला. मग दोरीचं टोक हापशाला बांधून काठी मागं खेचली. तीन हिसक्यांत पाचर सुटून अंगणात पडली आणि रीळ लोंबायला लागलं.

मंडळीनं पाचर उचलून माझ्या हातात दिली.

"अवं, गाडी कुठल्या अंगाला जाती?"

"कुठली गाडी?"

"मासा दोरी ओढणार शेंड्याकडं. रीळ सरकणार शेंड्याकडं. तुम्ही चावी मारली उलट्या अंगानं."

मी पाचर उलटसुलट करून पाहिली. डबल लाईनवर, म्हणजे येण्याजाण्याचे रूळ वेगळे असतात तिथं, गाडी ज्या दिशेला जाते त्याच दिशेनं चावी मारायची असते. गाडीबरोबर रूळ किंचित पुढं सरकतो आणि चावीला आणखी घट्ट करत नेतो. उलटी मारली तर तीच गाडी चावी सैल करते. नव्या पोरांना हे मी घरी बोलावून, चहा पाजून शिकवलं होतं. चहा करणारी हीच. एवढ्या वर्षांत ज्या चुकीसाठी मी दुसऱ्याला शिव्या घातल्या, ती म्हातारपणी अंगणात बायकोसमोर केली.

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"व्हय, दिसलं की," ती म्हणाली.

दुसरी पाचर तासली आणि त्याच खोबणीत मुठीच्या मागच्या बाजूनं, शेंड्याकडं तोंड करून मारली. आता दोरी जेवढी खेचावी, तेवढं रीळ आवळत गेलं.

रविवारी आम्ही नदीवर गेलो. जावयानं काठी हातात घेतली आणि नेमकं बोट पाचरीवर ठेवलं.

"मामा, हे लाकूड कसलं?"

लेकीचा चेहरा उतरला. "बसत नव्हतं व्हय, आबा?"

घरून मी ठरवून आलो होतो की कंपनीचंच आहे म्हणून सांगायचं. पण ढिलं असताना घट्ट आहे असं मी जन्मात कधी कळवलं नव्हतं.

"बसत न्हवतं," मी म्हणालो. "आता बसतंय."

"मासा लागला म्हंजी कळंल," जावई हसून म्हणाले.

"माशाची वाट कशाला बघायची? धरा टोक आन् ओढा."

जावई धट्टेकट्टे. दोरी मनगटाला गुंडाळून ते काठाकाठानं पळत सुटले. रीळ करकरत फिरलं. मी हात लावून ते दाबून धरलं, काठी कमानीसारखी वाकली. रीळ जागचं केसभर हललं नाही. जावई मात्र ओल्या गाळात घसरले आणि गुडघ्यांवर बसले.

"आबा, मोठा गावला!" लेक ओरडली. "सोडू नका!"

मंडळी पदर तोंडाला लावून हसत होती. जावईपण हसले, चिखलाचा हात वर करून म्हणाले, "मामा, हरलो. ढील द्या आता."

खरा मासा त्या दिवशी एकही लागला नाही. माशी पाण्यावर पडायच्या ऐवजी दोनदा माझ्या टोपीत अडकली. पण जाताना गाडीत बसता बसता लेक म्हणाली, "आबा, पुढच्या खेपेला नीट माप बघून मागवीन."

"माप बघू नगंस," मी म्हणालो. "तुला आवडंल ते मागव. बसवायचं माझ्याकडं."