सॉफ्टवेअरला श्वास घेऊ द्या म्हणणारे सर

सर, तुम्ही गेलात म्हणून मी गप्प बसणार नाहीये.

आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळ्यांच्या वॉलवर तुमचाच फोटो आहे. तलासरीत बसून मराठीतून डिझाइन शिकवणारा देवमाणूस, वगैरे.

वाचून डोकं फिरलंय माझं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरांचा तलासरीत कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. २०१४ मध्ये व्हिडिओची कल्पना निघाली. लग्नपत्रिका कशी करायची, फ्लेक्स कसा करायचा, फोटोमागचा नको असलेला भाग कसा काढायचा. हिंदी-इंग्रजीतले व्हिडिओ पाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यावरून जायचे. म्हणून मराठीत.

रेकॉर्डिंग मी करायचे, मसोलीच्या माझ्या घरी. पंखा बंद, खिडकीला गोधडी, घामाच्या धारा. स्क्रीनवर करून दाखवायचं आणि तोंडाने सांगत जायचं.

पहिला व्हिडिओ ऐकून सर खूश झाले होते.

"वैशाली, काय मस्त समजावतेस गं! एकदम सोप्पं."

मी हवेत.

आठवड्याने तो यूट्यूबवर आला. हात माझा, वाक्यं माझी, आवाज सरांचा. माझा आवाज म्यूट करून त्यांनी त्यावर स्वतःचा चढवला होता.

"अगं, बाईच्या आवाजात सॉफ्टवेअर कोण शिकणार? कमेंटमध्ये लोक भलतंसलतं लिहितात. तुझ्या भल्यासाठीच करतोय."

"मग शेवटी नाव तरी टाका, सर."

"टाकू ना. पुढच्या सिरीजला नक्की."

ती पुढची सिरीज कधी आलीच नाही. म्हणजे सिरीज आल्या, भरपूर आल्या. नाव नाही आलं.

आता मुद्द्याचं.

आज निम्म्या लोकांनी तुमचं एकच वाक्य टाकलंय. "सॉफ्टवेअरला श्वास घेऊ द्या." एकाने तर त्याचा फ्लेक्सच करून दुकानावर लावलाय. खाली फुलं, दिवा. जगण्याचं तत्त्वज्ञान शिकवलंत म्हणे.

त्या वाक्याचा जन्म मी सांगते.

एकदा दुपारी मी फोटोचा व्हिडिओ रेकॉर्ड करत होते. मागचा भाग काढून झाला आणि दारात वरोरची मासेवाली मावशी पाटी घेऊन उभी.

"बाय, बोंबील हायत ताजं. घेतेस का?"

रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून मी उठले. भाव केला, बोंबील घेतले, हात धुतले, परत येऊन पुढे सांगायला लागले. मधला तुकडा एडिट करताना कापणार होते.

पण सरांना घाई. मी कापायच्या आधीच त्यांनी कच्ची फाइल उचलली आणि आवाज चढवून टाकून दिली. मधे स्क्रीनवर काहीच हलत नव्हतं, तर काय बोलायचं? म्हणून हे बोलले, "इथे जरा थांबायचं. घाई नको. सॉफ्टवेअरला श्वास घेऊ द्या."

झालं. लोकांनी डोक्यावर घेतलं.

मी त्यांना सांगितलं, "सर, तिथे काही थांबायचं नसतं. मी बोंबील घ्यायला गेले होते."

ते पोट धरून हसले. "असू दे गं. लोकांना आवडलंय ना!"

पुढे डहाणू रोडला एका दुकानात मी वाढदिवसाचा बॅनर करून घ्यायला गेले. दुकानातल्या दादांनी फोटोचा मागचा भाग काढला आणि माउस सोडून हाताची घडी घालून बसले.

"काय झालं, दादा? हँग झालं का?"

"नाही मॅडम, इथे थांबायचं असतं. सरांनी सांगितलंय."

मीही बसले त्यांच्याबरोबर.

सर, हसू येतंय का तुम्हाला? मला नाही येत. तालुकाभर लोक माझ्या बोंबलांसाठी थांबतात आणि हात तुम्हाला जोडतात.

परवा वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. मी रेकॉर्ड केलेला एक व्हिडिओ राहून गेला होता. सरांनी त्यावर आवाज चढवायच्या आधीच त्यांना अटॅक आला.

"वर्षश्राद्धाला तो टाकू या त्यांच्या नावाने," वहिनी म्हणाल्या. "माझ्या भाच्याचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा आहे. तू फाइल तेवढी पाठव."

"वहिनी, त्यात माझा आवाज आहे."

"माहीत आहे गं मला. हेडफोन लावून हे तुझी वाक्यं मोठ्याने पाठ करायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे."

"मग कधी बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं आता काय काढतेस?"

मी फोन ठेवला.

वहिनी, हे तुम्ही वाचणार, माहीत आहे मला. वाचा.

राग आहे. आणि सर, तुमची आठवण येते, त्याचा जास्त राग आहे. क्लासमध्ये अजून कुणी मोठ्याने हसलं की मी मान वर करून बघते. मला माउस धरायला तुम्हीच शिकवलंत, हेही खरं आहे. पण म्हणून माझा आवाज तुमचा होत नाही.

फाइल मी पाठवली नाही.

तो व्हिडिओ आज मीच टाकलाय, खाली आहे. शिकवणारी, वैशाली. रेकॉर्डिंग, वैशाली. एडिटिंग, वैशाली. आवाज, वैशाली. कमेंटमध्ये ज्याला जे भलतंसलतं लिहायचंय ते त्याने खुशाल लिहावं.

सर, जिथे असाल तिथे हा पूर्ण ऐका. मधे बोलू नका.

भावपूर्ण काही जमत नाहीये. नुसतीच श्रद्धांजली घ्या.