शाल अंगावर असताना

जव्हारला न्यायाधीश असताना मी एका वार्ताहराला माझ्या कोर्टातल्या खटल्यांचा निकाल आधीच सांगून टाकला. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही – आणि तिला तर माझी बाकीची फजिती तोंडपाठ आहे.

शाळेचा बक्षीस समारंभ होता. अंगावर शाल, हातात नारळ, पुढ्यात चिवडा – अशा वेळी माणसाची अक्कल कुठे असते? एका साप्ताहिकाच्या वार्ताहराने सहज विचारलं, सागाच्या चोऱ्या फार वाढल्यात ना साहेब? मी म्हणालो, "माझ्या कोर्टात आलेला सागचोर सुटत नाही." वाक्य मलाच इतकं आवडलं, की त्याला नीट लिहून घेता यावं म्हणून पुन्हा म्हटलं.

फोटोसकट छापून आलं, तेव्हा घाम फुटला. ठाण्याला जिल्हा कोर्टातल्या वरच्या साहेबांनी वाचलं तर? खुलासा मागवला तर? नोकरी राहील? मी स्टँडवर जाऊन होते नव्हते ते सगळे अंक उचलून आणले. विक्रेत्याला वाटलं, साहेब खूश आहेत. त्याने आणखी मागवले आणि जीपने मोखाड्याच्या बाजारालाही धाडले.

पुढच्याच आठवड्यात पोशेऱ्याचा धर्मा समोर उभा राहिला. सागाचा वासा खांद्यावरून नेताना पकडलेला. त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच – जुनं घर उतरवलं, त्यातला वासा नव्या घराला नेत होतो. घर उतरवायला आलेले शेजारी साक्ष देतील. शेजारी आलेच नव्हते. पट्टेवाल्याने सकाळीच मला सांगितलं होतं – बाजारात कुणीतरी पेपर मोठ्याने वाचला, आणि सगळ्यांचं ठरलं की साहेबांनी निकाल दिलाच आहे, आता मजुरी कशाला बुडवा? धर्मालाही त्यांनीच समजावलं, कबूल हो, शिक्षा तरी कमी होईल.

धर्मा म्हणाला, "कबूल."

का कबूल – हे विचारणं माझं कामच होतं. वासा तिथेच भिंतीला टेकवलेला होता, चुलीच्या धुराने काळाकुट्ट. जंगलातून नुकत्याच तोडलेल्या लाकडावर वर्षानुवर्षांचा धूर कुठून येणार? मला दिसत होतं. अगदी स्वच्छ दिसत होतं. पण धर्माच्या खिशातून पेपरची घडी डोकावत होती, आणि त्या घडीवर – माझी शाल. मी 'का' म्हटलं असतं तर त्याने खरं उत्तर दिलं असतं. ते माझ्याच हाताने कागदावर चढलं असतं, आणि कागद ठाण्याला गेला असता. मी खाली मान घालून शिक्षेचे दोन महिने लिहिले. ऐन भातलावणीचे.

न्यायाधीशांनी पेपरवाल्यांशी बोलावं का, यावर हल्ली सगळेच बोलतात. मला विचारलं की मी म्हणतो, बोलू नये. लोकांना त्यात माझं तत्त्व दिसतं. तत्त्व कसलं – मला तो वासा दिसतो.

कोर्ट उठल्यावर मी मागच्या दाराने निघालो. तिथेच व्हरांड्यात धर्माची बायको बसली होती. पट्टेवाला तिची समजूत काढत होता, घाबरू नको म्हणून. तिने मला पाहिलं, तरी आवाज खाली केला नाही.

"मी कशाला भेऊ? तुमचा साहेबच भ्याला. माझ्या माणसाकडं बघवलं पण नाय त्याला."