आप्पा न सांगता शाळेत यायचे

आमच्या आप्पांचा कुणावरच विश्वास नव्हता.

डॉक्टरवर नाही, सरपंचावर नाही, दूधवाल्यावर नाही. हवामान खात्यावर तर मुळीच नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. गोडगोड लिहिलं तर त्यांनाच डाऊट येईल, म्हणून खरं तेच लिहिते.

दहावीनंतर त्यांनी मला खोपोली-कर्जत रोडवरच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. अकरावी-बारावी सायन्स आणि मेडिकलच्या एन्ट्रन्सची तयारी एकाच ठिकाणी. हॉस्टेल नाही, म्हणजे पोरगी संध्याकाळी घरात. आप्पांना पटलं होतं ते एवढंच.

बाकी सगळ्यावर संशय.

"येवढी चांगली शाळा हाय, तं आपल्याला कशी घेतली गं?" हे दिवाळीपर्यंत चालू होतं.

"मार्क होते माझे, आप्पा."

"मार्क तं लोकांना पन असतात."

घ्या!

ते साजगावला फॅक्टरीत होते. फर्स्ट शिफ्ट संपवून घरी आले की आधी माझा चेहरा निरखायचे, मग चहा.

अकरावीतला तो बुधवार. ख्रिश्चन लोकांचा मोठा उपास त्या दिवशी सुरू होतो. शाळेच्या चॅपलमध्ये फादर कपाळावर राखेचा क्रॉस काढतात. आमच्यावर सक्ती नव्हती. पण माझी मैत्रीण मेलिसा लाइनीत उभी राहिली, मग मीही राहिले.

घरी येईस्तोवर घामानं क्रॉस पुसला गेला. राहिला नुसता राखाडी डाग.

आप्पा ओट्यावरच होते.

"कपाळाला काय हाय?"

"राख. फादरनी लावली."

"का? काय झालंतं तुला?"

"कायच नाय."

"कायच नाय, तं अंगारा कशाला लावतील? चक्कर आली का? पडलीस कुठं? खरं सांग, बाय."

आमच्या वाडीत धडधाकट माणसाला अंगारा लावत नाहीत. ताप उतरेना, पोर झोपेत दचकायला लागलं, की भगताकडून आणतात. आप्पांनी सरळ हिशोब केला: पोरीला शाळेत काहीतरी झालंय आणि शाळा लपवतेय.

तसंच बाइकवर बसवून खोपोलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एकदम फिट आहे.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "शाळेनं फोन केला असंल याला."

आणि घरी येऊन जाहीर केलं, "बास झाली ती शाळा."

मी रात्री जेवले नाही. आईशी भांडले, आप्पांशी भांडले, काही उपयोग नाही.

सकाळी फॅक्टरीच्या युनिफॉर्मवरच ते माझ्याबरोबर शाळेत आले. दाखला काढायला! प्रिन्सिपल होत्या सिस्टर बेनिता, वसईच्या. भयंकर कडक. आम्ही त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला तरी सरळ उभ्या राहायचो.

सिस्टरनी शांतपणे सांगितलं. उपासाची सुरुवात, माणूस मातीचा आहे याची आठवण, बाकी काही नाही.

"ते तुमचं बराबर असंल," आप्पा म्हणाले. "पन माझ्या भनीला बी असाच लावलाता."

मी बघतच राहिले. सुमन आत्या लहानपणी तापानं गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"ताप होता तिला. आमी अंगारा लावत बसलो. डॉक्टर आनलाच नाय. मी मोठा भाऊ, मीच जाऊन आनायचो भगताकडनं." आप्पांचा आवाज चढला. "हिला हितं घातली ती डॉक्टर व्हायला. आन् तुमी पन अंगाराच लावता?"

मला रडू फुटलं.

सिस्टर खुर्चीतून उठल्या. "आजारी मुलीला आम्ही राख लावत नाही, दादा. आधी गाडी काढतो."

"दाखवा."

हो, आप्पा सिस्टरना "दाखवा" म्हणाले! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सिस्टरनी दाखवलं. सिक रूम, कॉट, थर्मामीटर, औषधांचं कपाट, दारातली व्हॅन, ड्रायव्हरसुद्धा. आप्पांनी कपाट उघडून आत हात घालून बघितलं.

"आज मी येनार म्हनून ठेवलं असंल."

आता मात्र सिस्टर ओरडणार, असं मला वाटलं.

त्या म्हणाल्या, "मग न सांगता या. कधीही या."

दाखला राहिला तिथंच.

आणि आप्पा खरंच यायचे हो! वीकली ऑफला, शिफ्ट सुटल्यावर, कधीही. वॉचमननं विचारणं सोडून दिलं. एकदा आठवीतल्या मुलीला सडकून ताप आला, तेव्हा नेमके आप्पा हजर. तिच्याबरोबर व्हॅनमध्ये बसून हॉस्पिटलपर्यंत गेले. तिचे आईबाप येईपर्यंत हलले नाहीत.

घरी येऊन म्हणाले, "सिस्टर बरी बाई हाय. पन लक्ष ठेवाया पायजे."

मी डॉक्टर झाले. हे लिहिताना अजून छाती भरून येते.

मागच्या वर्षी आप्पा माझ्याच हॉस्पिटलला ॲडमिट होते. सगळ्या स्टाफला वैताग आणला. सलाईन लावली, हे काय? गोळी दिली, कशाला? ज्युनियर पोरं त्यांच्या बेडकडे जायला घाबरायची.

शेवटी त्यांचं हृदय फार थकलं. रिपोर्ट मला कळत होते. त्या दिवशी त्यांना फार दम लागला, तो कमी व्हायचं इंजेक्शन मी स्वतः भरलं.

"याच्यानं काय होनार?"

"बरं वाटेल, आप्पा. दोन-चार दिवसांत घरी जाऊ आपण."

त्यांनी माझा चेहरा निरखला. खूप वेळ.

"खोटं बोलतेस तू."

मी मान खाली घालून सिरिंजमधली हवा काढत राहिले.

आप्पांनी बाही वर केली आणि हात माझ्यापुढं धरला.

"दे. तू खोटं बोललीस तरी चालंल मला."

आप्पा, श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत. तुमची फार आठवण येते.