कार्निव्हलच्या सोमवारी उघडलेलं गोदाम

लिदविन स्मुल्डर्सला मी पहिल्यांदा पाहिलं ते पोतं उचलताना. साल १९८५. टिलबर्गमधलं पशुखाद्याचं गोदाम, पन्नास किलोचं पोतं. ती विद्यापीठात कायद्याची संशोधक होती, वय सत्तावीस. मजुराची पाठ कामावर मोडली तर मालकाला जबाबदार कसं धरायचं, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. मुकादम हसून म्हणाला, "आधी उचलून बघ, मग लिही." तिनं उचललं. पहिल्या दिवशी साठ पोती. एकसष्टाव्याला भिंतीशी जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला सायकलवर परत हजर. आम्ही दिवसाला चारशे उचलायचो, पण आम्हाला सवय होती. नवख्या माणसाला साठ कमी नाहीत.

मी जहाजावरची नोकरी सोडून रॉटरडॅमला उतरलो होतो. सुरीनामच्या हिंदुस्थानी घरातल्या सरलाशी लग्न केलं आणि या गावात आलो. लिदविनला मी 'बाई' म्हणायचो. तिनं एकदा अर्थ विचारला. शाळेत शिकवते तिला म्हणतात, असं सांगितलं. तिला ते आवडलं.

तिचा बाप विणकर. गिरणी बंद पडल्यावर तो सात वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि मेला. ती त्याच्याबद्दल एवढंच बोलायची.

चौदा महिन्यांत तिनं एकशे बारा मजुरांना गाठलं. प्रत्येकाचं म्हणणं हातानं लिहून घ्यायची, घरी कार्बन लावून टाइप करायची. वरची प्रत तिच्या प्राध्यापकांच्या खोलीतल्या खोक्यात, खालची मजुराला. "तुझे शब्द तुझ्याकडेही राहिले पाहिजेत," म्हणायची. कुणाचं नाव बाहेर फुटणार नाही असा शब्दही तिनं प्रत्येकाला दिला होता. तो द्यावाच लागला. माझी पाठ गोदामात मोडली होती, पण मुकादमानं कागदावर 'घरी पडला' असं लिहिलं होतं. मी खरं बोललो हे कळलं असतं तर नोकरी गेली असती.

माझा कागद तीन मार्च १९८६चा. अपघाताची तारीख मी दहा फेब्रुवारी सांगितली. चार दिवसांनी ती हसत आली.

"सुदर्शन, दहा तारखेला तुझ्यासाठी गोदाम कुणी उघडलं रे?"

"मुकादमानं. अजून कोण उघडणार?"

"मुकादम त्या दिवशी कोंबड्याची पिसं लावून बाजारात नाचत होता. मी स्वतः पाहिलाय."

तो कार्निव्हलचा सोमवार होता. इथं ब्राबांत प्रांतात त्या दिवशी कुणी काम करत नाही. गोदामं, बँका, कचेऱ्या, सगळं बंद. अख्खं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर असतं. मला इथं येऊन फार दिवस झाले नव्हते. पडलो होतो शुक्रवारी, सात तारखेला. तीन दिवस उताणा पडून होतो, सोमवारी सरलानं इस्पितळात नेलं. मी इस्पितळाच्या चिठ्ठीवरची तारीख वाचून दाखवली होती. लिदविननं माझ्या प्रतीवर 'दहा' खोडून पेनानं 'सात' लिहिलं, शेजारी दोघांनी सही केली, त्या दिवसाची तारीख घातली. वरची प्रत खोक्यात गेली होती. ती नंतर सुधारू, म्हणाली.

ते जमलं नाही. तिचे प्राध्यापक एव्हर्ट डाइकेमा यांनी खोकं वाचायला म्हणून घरी नेलं. आठ महिन्यांनी म्हणाले, तळघरात पाणी शिरलं, कागद गेले. १९८८ साली त्यांचं पुस्तक आलं. चौथं प्रकरण म्हणजे आम्ही एकशे बाराजण होतो. मांडणी तिची, शब्द आमचे. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'प्रत्येक अपघाताची मी जागेवर जाऊन स्वतः खातरजमा केली.' खाली आभार: 'कुमारी स्मुल्डर्स, नेटक्या टायपिंगबद्दल.'

हा माणूस उत्तरेकडच्या ग्रोनिंगनचा. तिकडे कार्निव्हल नसतं. गोदामाच्या दारात त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं. पान एकशे अठरावर त्यानं जसंच्या तसं छापलं: अपघात, सोमवार, दहा फेब्रुवारी.

लिदविन ते पुस्तक घेऊन आमच्या घरी आली. आमची मुलगी संहिता तेव्हा चार महिन्यांची होती.

"तुझा कागद मला तीन दिवसांसाठी दे. विद्यापीठानं समिती बसवलीय. पुरावा मागतात."

"त्यावर माझं नाव आहे, बाई."

"आहे."

"मग नाही."

ती चहा पिऊन गेली. पुन्हा मागितला नाही. बाकीच्यांकडे गेलीच नाही, शब्द दिला होता म्हणून. समितीत तिघे होते, तिघेही डाइकेमांचे मित्र; त्यांनी तक्रार फेटाळली. डाइकेमा तिला म्हणाले, "पोरी, असं आंबट तोंड करून कुणी मोठं होत नाही."

तिनं दुसरा विषय घेतला, पगारी रजेचा कायदा. पाच वर्षं घासली. पदवी मिळाली, मग व्याख्याती, मग २००३ साली प्राध्यापक. मी तिच्या घरी बागेतली फरशी बसवून दिली तेव्हा टेबलावर डाइकेमांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती होती. दर आवृत्तीला ती पहिल्यांदा पान एकशे अठरा उघडायची.

"दुरुस्त केलं का?" मी विचारलं.

"नाही. देवा, करू देऊ नकोस रे," ती म्हणाली. अकरा आवृत्त्या निघाल्या. एकातही दुरुस्ती नाही.

गोदाम बंद झालं. मुकादम मेला. मीही निवृत्त झालो. मागच्या वर्षी ट्रंकेतून कागद काढला आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बाई, माझं नाव टाका. मोठ्या अक्षरात टाका."

तिनं कागद वाचला. "छत्तीस वर्षं लावलीस," म्हणाली. मग आत बोलावलं.

वर्तमानपत्रात देऊ, असं मी सुचवलं. तिनं मान हलवली. "तिथं तो उत्तर देईल. पुढच्या सप्टेंबरमध्ये माझं निरोपाचं व्याख्यान आहे. तिथं उत्तर देता येत नाही."

इथली रीत अशी. निवृत्त होणारा प्राध्यापक काळा झगा घालून शेवटचं व्याख्यान देतो. बाकीचे प्राध्यापक झगे घालून मिरवणुकीनं येतात आणि पुढच्या रांगांत बसतात. मध्ये कुणी बोलत नाही, नंतर प्रश्न नसतात. चांदीच्या मुठीची काठी घेऊन मिरवणुकीपुढं चालणारी विद्यापीठाची कर्मचारी उठवेपर्यंत झगेवाला कुणी उठत नाही. लिदविननं डाइकेमांना हातानं पत्र लिहिलं: आपण पहिल्या रांगेत असावं ही इच्छा. ते आले. वय सत्त्याऐंशी, खूश दिसत होते.

मी आणि संहिता सहाव्या रांगेत होतो. पंचवीस मिनिटं ती रजेच्या कायद्यावर बोलली. मग पडद्यावर डावीकडे पान एकशे अठरा आलं, उजवीकडे माझा कागद. आवाज न चढवता तिनं प्रस्तावनेतलं वाक्य वाचलं. मग पानावरचं वाचलं: सोमवार, दहा फेब्रुवारी १९८६, टिलबर्ग.

मग मागून कुणीतरी फसकन हसलं. मग सगळं सभागृह. टिलबर्गची माणसं, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या रांगेत डाइकेमा मान वळवून पाहत होते, लोक का हसतात ते त्यांना कळेना. मी त्यांच्या मानेकडे पाहत होतो. शेजारचा प्राध्यापक त्यांच्या कानाशी वाकला. मान लाल झाली.

त्यानंतर वीस मिनिटं तिनं दोन्ही कागद ओळीला ओळ लावून वाचले. तो बसून होता. शेवटी रिवाजाप्रमाणे म्हणाली, "माझं बोलून झालं," आणि उतरली.

समारंभानंतर सगळे रांगेनं तिला भेटायला गेले. डाइकेमाही रांगेत होते. बाजूनं निघून गेले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.

"बाबा, किती म्हातारे आहेत ते," संहिता म्हणाली. "खुर्ची देऊ का?"

"नको."

"बाबा, लेट इट गो ना."

"मी पकडून ठेवलेलं नाही. उभा आहे तो."

चाळीस मिनिटं तो उभा होता. मी घड्याळ लावून पाहिलं. माझी पाठ एकोणचाळीस वर्षं दुखते.

त्याचा नंबर आला तेव्हा लिदविननं मला आपल्या शेजारी बोलावून घेतलं होतं.

"लिदविन, हे तू मला खाजगीत सांगू शकली असतीस," तो म्हणाला.

"१९८८ साली सांगितलं होतं. तुम्ही माझ्या तोंडाची चव सांगितलीत." मग माझ्याकडे हात केला. "हे सुदर्शन. पान एकशे अठरा."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात पुढं केला. मी माझे हात पाठीमागे ठेवले.

"आता तुला काय हवंय?" त्यानं तिला विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "मागे लोक थांबलेत. पुढं सरका."