पदाच्या शेवटी नाव

आमच्या मुलींच्या शाळेत पाचवी उघडायची की नाही, हे त्या वर्षी डिपोटीसाहेबांच्या भेटीवर ठरणार होतं. ते वर्षातून एकदा शाळा तपासायला येत. चौथीत आम्ही नऊ मुली. पाच जणींची लग्नं ठरलेली, उरलेल्या चौघींत मी. माझे वडील, आप्पा, बेळगावच्या कोर्टात कारकून होते. ते म्हणाले, "उघडली तर जा पाचवीला. पण आडापलीकडं पाऊल टाकलंस असं कानावर आलं, की त्या दिवसापासनं शाळा बंद."

आड आमच्या परड्यात होता आणि तो दोन घरांत मिळून होता. पलीकडच्या घरात एक बाई एकटीच राहायची. पूर्वी ती बैठकीत गायची. ज्यानं तिला ते घर घेऊन दिलं तो इनामदार वारला होता. आमच्या बायका ती आडावर नसेल तेव्हाच पाणी ओढत.

आणि मी रोज तिच्या घरात जात होते.

देवाची भांडी घासायला मला आडावर पाठवत. दुपारी तिच्या मागच्या दारातून फोनोचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी माझा हात तांब्यावरच राहिला. चिंच हातात आणि मी ऐकतेय. तिनं दारातून पाहिलं.

"काय गं, तांब्याला भोक पाडतीस काय? तासभर एकच घासायलीस."

मी भराभर तांब्या घासायला लागले.

"ये की आत. चावी दे. माझा दंड दुखतोय."

तिची भाषा कानडी वळणाची होती, पण गाणं मराठी होतं. मी चावी फिरवली. तिनं सुई टेकवली आणि कर्ण्यातून एक बाई गायला लागली. नाटकातलं पद होतं ते. शेवटची तान संपली, की ती गाणारी मोठ्यानं आपलं नाव सांगायची. दारात उभं राहून कुणाला हाक मारावी तसं, एकदाच. अभंगाच्या शेवटी नाव येतं, तसंच हे, असं मला वाटलं. नावाशिवाय पद पुरं होत नसणार.

तिच्याकडं तबकड्या बऱ्याच होत्या. मला तीच हवी असायची. "पुन्हा तीच? सुई झिजली गं बाई!" म्हणत ती तीच लावायची. मग मी घरी पोळ्या लाटताना त्या चालीवर काहीबाही बसवायला लागले. जिल्ह्यातल्या नद्या पाठ होत नव्हत्या. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय त्या चालीत घातल्या आणि कायमच्या पाठ झाल्या. नंतर शब्दच आपले जुळवायला लागले. अक्षरं बोटांवर मोजायची, कमी पडलं तर दुसरा शब्द शोधायचा. पाटीवर लिहायचं आणि कुणी यायच्या आत पुसायचं.

डिपोटीसाहेब येणार म्हणून शाळेतल्या बाईंनी वर्गात सांगितलं, जुनं स्वागतपद सगळ्यांना पाठ होऊन विटलंय, कुणाला नवं जमतंय का बघा. दोन दिवसांनी मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला आणि जागेवर येऊन बसले.

"हे तू केलंस?"

मी मान हलवली.

"चाल कुठली गं? वर लिहिली नाहीस."

"मनातली," मी म्हणाले.

हजेरीला "हजर" म्हणताना माझा आवाज फुटत नसे. पण ते पद मी म्हटलं तेव्हा बाई उठून दाराशी गेल्या आणि शेजारच्या वर्गाला गप्प बसा म्हणाल्या. बाकीच्या मुलींना चालीतली वळणं जमेनात, म्हणून मीच एकटीनं म्हणायचं ठरलं. खोटं आता बाईंच्याही गळ्यात पडलं होतं. पण आप्पा कोर्टात असणार, आणि कोर्टातल्या माणसांना नाटकातल्या पदाचं काय कळतंय, असं मी स्वतःला समजावत राहिले. नाटकाचं नाव काढलं तरी आप्पा पान अर्धं टाकून उठायचे.

त्या दिवशी शाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब मधोमध, दोन्ही बाजूंना गावातली मंडळी. शेवटच्या खुर्चीवर आप्पा. येणार म्हणून ते घरात काही बोलले नव्हते.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं. पळून जायला वाट नव्हती. डोळे मिटून मी सुरू केलं. पहिल्या ओळीनंतर किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर साहेबांचा बूट ताल धरत होता. दुसऱ्या कडव्याला तो थांबला. साहेब बाईंकडं बघत होते. आप्पा समोरच्या फळ्याकडं. मी तशीच शेवटापर्यंत गेले. शेवटची तान माझी नेहमी अडखळायची, तशी अडखळली. आणि मग, पद पुरं करायचं म्हणून, मी मोठ्यानं माझं नाव सांगितलं.

मग मागून एकजण फिस्सकन हसला. "वा! तबकडीच वाजली की हो!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

"बाई, मुलींच्या शाळेत नाटकाची चाल?"

"साहेब, मला... ती म्हणाली, मनातली चाल आहे." बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मनातली? ही चाल सगळ्या इलाख्याच्या मनात आहे." ते माझ्याकडं वळले. "कुणाकडं शिकलीस, बाळ? घाबरू नकोस, सांग."

आडापलीकडची म्हणावं तर माझी शाळा तिथंच संपली. गप्प राहावं तर सगळं बाईंवर जाणार. बाई विधवा होत्या आणि त्या पगारावर त्यांचं घर चालत होतं. मी सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. तोंड उघडलं, एवढ्यात खुर्ची सरकली.

"साहेब, पोर माझी. मी शिकवलं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही?" साहेबांनी त्यांना पगडीपासून खालपर्यंत पाहिलं. "मग मूळ पदाचं पुढचं कडवं येत असेल."

"म्हणा की, आप्पासाहेब!" कुणीतरी ओरडलं. "कोर्टात नाही, हितं तरी म्हणा!"

मला वाटलं, आता संपलं. ज्या माणसाला घरात कधी आरतीसुद्धा सुरात म्हणताना ऐकलं नाही, तो काय म्हणणार? आप्पांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं आणि गायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, थोडा कापतही होता, पण एकही जागा चुकली नाही. आणि ते कडवं तबकडीवर नव्हतंच. तबकडीवर दोनच मावली होती. हे तिसरं होतं. ते नाटकगृहात बसून ऐकल्याशिवाय कुणाला येणार नाही, एवढं मला त्या वयातही कळलं.

साहेबांनी टाळी वाजवली. बाईंनी भिंतीला टेकून श्वास सोडला. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी चांगलं लिहिलं आणि पाचवी मंजूर केली.

घरी जाताना आप्पा पुढं, मी मागं. आमच्या बोळात वळल्यावर ते थांबले.

"किती दिस जातीस तिकडं?"

"दसऱ्यापासनं."

"तिनं बोलावलं?"

"पहिल्यांदा तिनं. मग मीच."

"चौथीची परीक्षा दे. पुढं न्हाय."

"आप्पा, पण तुम्ही तर..."

"मी काय?"

तेच म्हणाले, "चाल झाकली मी. नाव कसं झाकू? चार माणसांत उभं राहून आपलं नाव घरंदाज पोर ओरडती काय? त्या बाया ओरडतात."

मला सांगायचं होतं की, नावाशिवाय पद पुरं होत नाही असं मला वाटलं होतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की तबकड्या परदेशात तयार होत, तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते समजावं म्हणून गाणारे नाव सांगत. पदाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी परीक्षा दिली. पास झाले. जूनमध्ये बाई घरी आल्या. मी दाराआड उभी राहिले.

"पाचवीला तिघीच आल्यात," बाई म्हणाल्या. "ही आली असती तर वर्ग उभा राहिला असता. साहेबांनीही विचारलं हिचं."

"घरात काम असतंय, बाई."

"एक वर्ष तरी. मी स्वतः नेईन, आणून सोडीन."

"न्हाय जमायचं."

मी दाराची कडी धरली होती. बाहेर जाऊन त्यांच्या पाया पडावं, मला घेऊन जा म्हणावं, असं आलं मनात. पाय उचलला नाही.

बाई उठायला लागल्या. "मग पद तरी द्या. दरवर्षी तेच म्हणायचं ठरलंय."

आप्पांनी हाक मारली. "लिहून दे गं त्यांना."

मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. खाली नाव लिहिलं नाही. आप्पांनी कागद घेतला, ओठ हलवत वाचला, मग टाकानं एका जागी काट मारली. शेवटी "वाढो आमुची बुद्धी" होतं. "बुद्धी" खोडून त्यांनी "प्रज्ञा" लिहिलं, कागद वाळवला आणि बाईंना दिला.

बाई गेल्यावर मी आडावर आले आणि हळूच म्हणून पाहिलं. "बुद्धी"वर तान घेताना ओठ ताणून आवाज बारीक व्हायचा, तिथंच मी रोज अडखळत होते. "प्रज्ञा"वर तोंड उघडं राहिलं आणि तान सरळ गेली. इतके महिने मला ही जागा सापडली नव्हती. आप्पांना एकदा वाचून सापडली.

पलीकडच्या दारातून तिनं ऐकलं असावं. "आज बरोबर आली बघ!" ती म्हणाली. "कुणी सांगितलं गं?"

इतकं कळणारा माणूस आत ओसरीवर बसला होता, आणि त्यानं नाही म्हटलं होतं. मी घागर भरली आणि आत गेले.